‘पुरे’ कोणी म्हणायचं?

१२ जानेवारी, मसुरे
आक्काचं बारावं आटोपलं. सख्खी बहीण गेली तरी रडू येत नाही, नुसता संताप येतो. सोळा दिवस मशीनवर ठेवली तिला. गेल्या मे महिन्यात पडवीत बसून फणस चिरताना तिने सुहासला, स्वतःच्या मुलाला, माझ्यादेखत सांगितलं होतं, “माका नळ्ये घालून ठेवू नकात हां. माझा झाला की झाला.” सुहास ‘हो हो’ म्हणाला होता.

आणि केलं काय? डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की आता यातून परत येणं नाही. हा हॉस्पिटलातून उठला आणि गावी येऊन देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीवर पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली. उजवी म्हणजे हो. “मावशी, देवान उजवो कौल दिलो. आता मशीन काढूचा नाय.” मग पुढचे तेरा दिवस.

मीही तिथेच होते. तोंड शिवल्यासारखी. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशीच लबाडी करता येणार नाही.

१४ जानेवारी
सु. मुंबईला गेला. निघताना पाया पडला नि वर, “मावशी, तू तुझी चिंता करू नको. तुझा कुलमुखत्यारपत्र माझ्याकडेच आसा. तुझा सगळा मीच बघतलंय.”

‘सगळा’ म्हणे! ते पत्र मी त्याला काजूच्या जमिनीची मोजणी आणि फाळणी व्हावी म्हणून दिलं होतं, गुडघे चालत नाहीत म्हणून. त्याने आता मलाच सातबाऱ्यावर चढवलंय.

दिवसभर जेवण गेलं नाही. मला मुलंबाळं नाहीत. उद्या मी आडवी झाले तर हाच येणार, हाच रडणार आणि हाच कौल लावणार.

२० जानेवारी
मालवणला वकिलांकडे गेले. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. त्यांनी सांगितलं ते असं: मुखत्यारपत्र जमिनीचं, त्याने हॉस्पिटलात काही ठरवता येत नाही. शिवाय माझी बुद्धी गेली की ते पत्रही संपलं. म्हणजे ज्या दिवशी मला खरी गरज, नेमका त्याच दिवशी तो कागद मेलेला. एकतीस वर्षं तहसीलमध्ये कारकुनी केली नि हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. लाज वाटली.

उपचारांसाठी वेगळा कागद करायचा. मला काय हवं, काय नको ते आत्ताच, शुद्धीत असताना लिहायचं. दोन साक्षीदार, नोटरी. आणि माझ्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव.

“नाव कोणाचं घालू, मॅडम?”
रविवारपर्यंत सांगते म्हटलं.

२३ जानेवारी
नाव सुचत नाही. सु. बाद. चुलत भाऊ बाद, तो दाढ काढतानासुद्धा तालुक्यातल्या चौघांना विचारतो. शेजारची प्रभा मायाळू आहे, म्हणूनच बाद. प्रेमळ माणसांनीच आक्काचे हाल केले. सगळे तिच्यावर जीव टाकत होते, आणि ‘पुरे’ म्हणायला एक जण नव्हता. मी धरून.

आमच्या घरात हा शब्द आजवर एकाच माणसाने उच्चारला. दादाच्या वेळी, वहिनीने. उपचार थांबवायची सही करून त्याला हॉस्पिटलातून घरी आणलं आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच खाटेवर त्याने प्राण सोडला. तेराव्याला, पान वाढलेलं असताना, चार माणसांत मी तिला म्हटलं होतं, “तू माझ्या भावाक मारलंस. खुनी तू.”

त्याला आठ वर्षं झाली. त्यानंतर एकमेकींशी शब्द नाही. आक्काच्या बाराव्यालाही ती आली, जेवली, गेली.

नाही. तिचं नाव मुळीच नाही.

२५ जानेवारी
तिचंच.
चिडचिड नुसती. बाई आवडत नाही मला. तिचा तो बारीक ओठ, तो तोरा. पण दुसरं कोणी आहे का? नाही.

२९ जानेवारी
वकिलांशी वाजलं. मी एक वाक्य घालायला सांगितलं: ‘माझ्या उपचारांबाबत कोणत्याही देवस्थानी कौल लावू नये. लावल्यास तो कोणावरही बंधनकारक राहणार नाही.’

“मॅडम, कायद्याच्या कागदात असं लिहीत नाहीत. लोक हसतील.”
“हसू देत. वाक्य राहिलं म्हणून माणसं कशी अडकतात ते मी जन्मभर पाहिलंय. अडकवलीसुद्धा आहेत. घाला.”

घातलं त्यांनी. देवावर माझा राग नाही. त्याला जे विचारलं गेलं त्याचा आहे. मशीन ठेवू की काढू, हे देवाला विचारायचं कारणच नव्हतं. आक्का सांगून गेली होती.

३ फेब्रुवारी
सु.ला कोणीतरी कळवलं. फोनवर अर्धा तास. आधी रडला, मग ओरडला. “माझ्यावर विश्वास नाय तुझो? आणि नाव कोणाचा, तर तिचा? जिका तू खुनी म्हटलंस?”

म्हटलं, “होय. तिचाच. आणि मोजणी झाली की मुखत्यारपत्रही रद्द करतंय.”
“मावशी, आईचा मी काय वायट केलंय?”
यावर फोन ठेवला. वाईट केलंस रे. खूप वाईट केलंस. माया होती म्हणून ते कमी होत नाही.

८ फेब्रुवारी
तारकर्लीला गेले. वहिनीने घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात. माडांमधल्या दोरीवर चादरी वाळत घालत होती. मला पाहिलं आणि चिमटे तोंडातून काढून म्हणाली, “कोण मेला?”

“कोण नाय. माझ्या मरणाचो कागद घेवन इलंय.”

पाणीसुद्धा विचारलं नाही. उभ्या उभ्या कागद वाचला, कौलाच्या वाक्यापाशी जरा थांबली. मग, “माझ्याकडे कित्याक?”

“तुमचो हात थरथरूचो नाय, म्हणान.”

तिने हातातला चिमटा दोरीला लावला. “तुझ्या दादाच्या येळार थरथरलो नाय, असा तुका कोणी सांगला?”

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, “ठेव कागद. आता जा. माझे पावणे येतले.”

परतीच्या रिक्षात एकच प्रश्न. माफी मागायला हवी होती का? मागितली नाही. मागणारही नाही. तिनेही कुठे जवळ बसवलं?

१७ फेब्रुवारी
मालवण. वकिलांचं ऑफिस. वहिनी माझ्याआधी येऊन बसलेली, नेसूचं कडक इस्त्रीचं. नोटरीसमोर माझी सही, साक्षीदारांच्या सह्या. मग संमतीच्या जागी तिची, एका दमात. झालं म्हणून मी पिशवी उचलली.

तिने आपल्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तसाच कागद, तिच्या नावाचा. वकील खाली बघू लागले, म्हणजे त्यांनीच केलेला. तिच्या वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून माझं नाव. शालिनी, नातं: नणंद.

“सही कर.”
“तुमचो झिल आसा मां दुबयेत. तेचा नाव घाला,” मी तिच्या मुलाचं सुचवलं.
“झिलाक जमाचा नाय. रडतलो. तू चार माणसांत माका खुनी म्हटलंस, शालू. आता माझ्या येळार ‘पुरे’ तू म्हण. एकदा म्हणान बघ.”

आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं. सही न करता कागद घेऊन आले. ती मागे वळून न पाहता स्टँडकडे गेली.

१९ फेब्रुवारी
कागद टेबलावर आहे. तिने सूड घेतलाय, दुसरं काही नाही. आठ वर्षं जपून ठेवलेला.
दुपारी वाटलं, करावी सही. कसलं कठीण आहे? माणूस नावडतं तर आहे.
संध्याकाळी कळलं की तिथेच अडतंय. हॉस्पिटलात डॉक्टर माझ्याकडे बघतील, मी ‘पुरे’ म्हणेन, आणि ते तिच्यासाठी म्हटलं की आठ वर्षांच्या रागाने, हे मलाच समजणार नाही. आणि पुढे तिचा मुलगा तेराव्याला मला काय म्हणेल, तेही ठाऊक आहे.

२२ फेब्रुवारी
पेनाचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. स्वयंपाकघरात एकटीने तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. ‘पु’पर्यंत गेले.

वकिलांचा फोन. “मॅडम, वहिनी विचारत होत्या. काय ठरलं?”
म्हटलं, “विचार करायला अजून आठ दिवस द्या.”
“देतो ना. घाई काहीच नाही.”

फोन ठेवला. दादाच्या वेळी तिला ठरवायला किती वेळ दिला होता, हे मी आजपर्यंत कोणाला विचारलेलं नाही.