मो साहेबांचा अमेरिकन सल्लागार

३ सप्टेंबर २०१४, दोंगग्वान. सकाळी ९.
मोठी बातमी. इथले दिव्यांचे कारखानदार मो साहेब यांनी अमेरिकेतली, ओहायोतली आमची दिव्यांची कंपनी विकत घेतली. आमची म्हणजे, जिने मला तेरा वर्षांपूर्वी टेबललॅम्प खरेदी करायला चीनमध्ये पाठवलं आणि सहा वर्षांपूर्वी 'आता आम्ही कारखान्यांशी थेट इंटरनेटवर बोलतो' असं कळवून मोकळं केलं, ती. मला वाईट वाटलेलं नाही. उलट. मो साहेबांना ओहायो माहीत नाही, ओहायोला मो साहेब माहीत नाहीत. दोघांनाही ओळखणारा माणूस जगात एकच, आणि तो सध्या पायजम्यात बसून हे लिहितो आहे.
संकल्प: उद्यापासून रोज दाढी.

४ सप्टेंबर.
दाढी राहिली. ब्लेड नव्हतं.
डार्लाचा फोन. एकुलती एक मुलगी, ओहायोत कंपनीच्याच गावी राहते, काळजी करते. म्हणाली, बाबा, गॅरेजवरची खोली रंगवून घेतलीय, आता परत या. किती दिवस तिकडे एकटे राहणार? म्हटलं, एकटा कुठे, इथे माझी माणसं आहेत. म्हणाली, नावं सांगा. म्हटलं, लाईन खराब आहे.
ऑक्टोबरअखेरपर्यंत खोली राखून ठेवते म्हणाली. मग भाड्याने देणार. घराचा हप्ता आहे तिला. मी हसलो. तिथल्या कारखान्याच्या होणाऱ्या अध्यक्षाला गॅरेजवर ठेवणार का?

८ सप्टेंबर. मध्य-शरदाचा सण.
आज कारखानेवाले गिऱ्हाइकांना मूनकेकचे डबे पाठवतात. २००५ साली मला अकरा आले होते, वाटता वाटता दमलो. यंदा एक. वॉचमनने आणून दिला, त्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव आहे. हल्ली लोक साखर टाळतात.
संध्याकाळी घरच्यांबरोबर चंद्र बघायची पद्धत आहे. माझ्या बाल्कनीसमोर टॉवर झालाय. चंद्र त्याच्या मागे असणार. डब्यातले चारही केक संपवले. वजन उद्यापासून.

१५ सप्टेंबर.
मो साहेबांना भेटून आलो. पूर्वी माझ्यासाठी त्यांची गाडी यायची. आज बसने गेलो, तेवढंच प्रदूषण कमी.
त्यांच्या सेक्रेटरी हुआंगबाईंनी विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? म्हटलं, बाई, २००१ साली इथे पत्र्याची शेड होती, तेव्हापासून मला अपॉइंटमेंट लागत नाही. म्हणाल्या, शेड पाडली. बसा.
दीड तासाने बोलावणं आलं. मो साहेबांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला. मी टेबलावर दोन बोटं ठोकून आभार मानले आणि मुद्द्यावर आलो: ओहायोच्या कारखान्याला अध्यक्ष कोण? त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, लाओ लो, याचा जरा अभ्यास करायला हवा. (लाओ लो म्हणजे आपला जुना लॉयड. प्रेमाने म्हणतात.)
काम झालं. इथे मोठा माणूस तोंडावर हो म्हणत नाही, एवढं तेरा वर्षांत शिकलो. हुआंगबाईंना बातमी दिली. म्हणाल्या, छपाईवाल्यालाही मार्चमध्ये 'अभ्यास करतो' म्हणाले होते. तो अजून फोन करतो, बिचारा.
छपाईवाल्याचा माल खराब असेल.

२३ सप्टेंबर.
मो साहेबांसाठी रिपोर्ट लिहायला घेतलाय: चिनी कंपनीने अमेरिकेत कसं वागावं. चाळीस पानांचा प्लॅन. सध्या नऊ, त्यात मुखपृष्ठ आणि फोटो. पान पाच: जेवणानंतर डोकं टेबलावर ठेवून झोपायची पद्धत तिथे नाही. पान सात: इथून जाणाऱ्या माणसांना हॉटेलात कोंडू नये. गावातल्या एखाद्या चांगल्या घरात ठेवावं, म्हणजे गाव त्यांना आपलं मानील. हे पान परत वाचताना मलाच भरून आलं. एसीमुळे डोळ्यांना त्रास होतो.
नऊ पानंच देईन. साहेबांना वेळ कमी असतो.

१९ ऑक्टोबर.
काल हॉटेलात करार-समारंभ. हुआंगबाईंनी आठवड्याआधी विचारलं होतं, सूट आहे का? टाय? केस पांढरेच आहेत ना अजून? काळे करू नका. किती बारीक लक्ष.
मला स्टेजवर बसवलं. छातीवर बिल्ला: 'अमेरिकन तज्ज्ञ'. शेजारी एक सोनेरी केसांचा उंच गृहस्थ, बिल्ला 'अमेरिकन इंजिनियर'. इंजिनियरशी ओहायोबद्दल बोलायला गेलो तर तो युक्रेनचा निघाला. खालच्या बारमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. म्हणाला, महिन्यात चार अशी कामं मिळतात. गेल्या आठवड्यात मी हृदयाचा डॉक्टर होतो. तू नवीन दिसतोस. कॅमेरा आला की मान हलवायची, बोलायचं नाही.
मी त्याला समजावलं की माझी केस वेगळी आहे. तो म्हणाला, हो हो.
जेवणात माझी खुर्ची दाराकडे पाठ करून होती. मानाच्या पाहुण्याला दारासमोर बसवतात, पण मी घरचा. निघताना हुआंगबाईंनी पैशांचं लाल पाकीट दिलं. सॅक्सोफोनवाल्याला अगदी तसंच. शिष्टाचार म्हणून त्यालाही द्यावं लागलं असणार.

३० ऑक्टोबर.
डार्लाचा तिसरा फोन. म्हणाली, उद्या शेवटचा दिवस, बाबा, मला खरंखरं सांगा. तुम्ही तिकडे करता तरी काय? फोनवर नीट सुचेना, म्हणून ईमेल लिहिला: 'खोली खुशाल दुसऱ्याला दे. मी कंपनीच्या बंगल्यात उतरेन. रविवारी तुम्हाला जेवायला बोलवीन.' शेवटचं वाक्य छान उतरलंय.
तिचं उत्तर: बरं.

११ नोव्हेंबर.
इथे आज एकट्या राहणाऱ्यांचा दिवस, ऑनलाईन सेल असतो. दोन माणसांची किटली स्वस्तात घेतली.
दुपारी मो साहेबांच्या कारखान्यातला लिआओ फोरमन आला. २००१ मध्ये माझा पहिला नमुना-दिवा यानेच जोडला होता. अमेरिकन प्लग कसा असतो ते मी शिकवलं. आता तो चार दिवसांनी ओहायोला चाललाय, तिथल्या कामगारांना नव्या मशीन शिकवायला. दोन वर्षं. बायको हुनानमधल्या गावी, वर्षातून एकदा भेटते. चाळीशी उलटली, पहिलाच परदेश. मला कीव आली. इंग्रजीची दहा वाक्यं पाठ करून घेतली. 'आय ॲम फाइन' पाशी तो अडला. म्हणाला, फाइन नसलो तर काय म्हणायचं? म्हटलं, तेव्हाही हेच.
नवीन किटलीत चहा केला. तो थांबला असता अजून थोडा वेळ तर चाललं असतं. त्याला बॅग भरायची होती.

२२ नोव्हेंबर.
हुआंगबाईंचा फोन. ओहायोला अध्यक्ष नेमला. तिथलाच, छत्तीस वर्षांचा, चिनी घडाघडा बोलतो. तात्पुरता असेल.
मी माझ्या रिपोर्टबद्दल विचारलं. म्हणाल्या, सातवं पान, गावातल्या घरात ठेवायचं ते, साहेबांना फार आवडलं, तसंच केलंय. बाकीची पानं? म्हणाल्या, लाओ लो, सातवं मीच वर ठेवलं होतं. बाकीची त्यांनी उलटली नाहीत. मग म्हणाल्या, जेवलात का?
जेवलो नव्हतो. हो म्हटलं.

२७ नोव्हेंबर. संध्याकाळी ८.
ओहायोत सकाळ, थँक्सगिव्हिंगचा दिवस. मोठ्या मनाने ठरवलं की मुलीचा हट्ट पुरवावा. फोन केला, म्हटलं, येतो. तू एवढं म्हणतेस तर.
तिकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, बाबा, खोली दिली. दहा दिवस झाले. नवीन मालकांची माणसं गावात फिरत होती, चांगली घरं शोधत. दोन वर्षांचा करार केला. तुम्हीच लिहिलं होतंत ना, दे म्हणून.
कोणाला दिली ते तिने सांगायच्या आधीच मला कळलं. म्हटलं, लिआओ चांगला माणूस आहे. आज त्याला जेवायला बसव. ती म्हणाली, बसवलंय, पहाटेपासून बटाटे सोलतोय. बाबा, तुम्ही रडताय का?
म्हटलं, लाईन.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ८.
लिआओचा फोन. तिथे सकाळचे सात. म्हणाला, लाओ लो, तुमची मुलगी फार चांगली आहे, सगळे हसून बोलतात. पण आज सुट्टी. रस्त्यावर एक माणूस नाही. अख्खा दिवस समोर पडलाय आणि बोलायला कोणी नाही. तुम्ही आमच्याकडे तेरा वर्षं एकट्याने काढलीत. कशी काढलीत, ते मला सांगा.
सल्ला विचारला की मला लगेच सुचतं. व्यायाम, छंद, रोज दाढी. तोंड उघडलं.
म्हटलं, लिआओ, मला नाही जमलं.
  फोन दोघांनीही ठेवला नाही.