वडिलांच्या भूमिकेतील इसम

कोपरखैरणे,
रविवार, सकाळ

प्रिय शिवतेज,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कधी दुखतो, कधी नाही. पाहुणे यायचे असले की हमखास दुखतो. जे सांगायचं आहे ते फोनवरही सांगता आलं असतं, पण लिहूनच कळवायला हवं होतं. का, ते शेवटी सांगतो. विषय कुंदनचा आहे. तुझ्या बाकावर बसायचा तो, म्हात्र्यांचा. आता गावातल्या हळदींची, लग्नांची शूटिंग करतो. त्याने तुझ्यावर जो गमतीचा सिनेमा काढला, त्याबद्दल तुझ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. सिनेमा नेटवरून काढून टाका, जाहीर माफी मागा, नाहीतर कोर्टात या. कुंदनचं तोंड एवढंसं झालं आहे. ऐन लग्नसराईत कोर्टाच्या चकरा मागे लागल्या तर त्याचा धंदा बसेल.

तू सिनेमा पाहिलेला नाहीस, हे मला नोटिशीवरूनच कळलं. म्हणून थोडक्यात सांगतो. अकरा मिनिटांचा आहे. नाव ‘एका भावी थोर पुरुषाचं चरित्र’. तू टीव्हीवरच्या मुलाखतीत जे जे सांगितलंस तेच त्याने घेतलं आहे, फक्त ते आपल्या कॉलनीत आणून ठेवलं आहे. तू म्हणालास, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. सिनेमातला शिवतेज दिव्याखाली पुस्तक घेऊन बसतो, आणि वरच्या खिडकीतून त्याची आई ओरडते, “आरं, घरात ट्यूब हाय, पंखा हाय, तितं डास कशाला चावून घेतोयस?” तो म्हणतो, “आई, पुढं मुलाखतीत सांगायला लागंल.” आईचं काम कुंदनच्या बायकोने, निशिगंधाने केलं आहे. आगरी पोरगी, पण तुझ्या आईचा आवाज हुबेहूब काढते. तू म्हणालास, अनवाणी शाळेत गेलो. सिनेमात तो सोसायटीच्या गेटवर नवेकोरे बूट काढून दप्तरात कोंबतो, कॅमेऱ्यासमोर दहा पावलं चालतो आणि पुन्हा बूट चढवतो. घरपोच भाजीच्या अ‍ॅपची कल्पना सुचते, तेव्हा कांद्याच्या गोणीवर वरून उजेड पडतो आणि गोणीतून लॅपटॉप निघतो. सोसायटीच्या सत्यनारायणाला गच्चीवर चादर बांधून दाखवला. माणसं हसून हसून लोळली. तुझी आईही हसली. मग माझ्याकडे न बघता प्रसाद वाटायला लागली.

तुझी मुलाखत आम्ही दोघांनी पाहिली होती. दिवा, बूट वगैरे ऐकून मी तुझ्या आईला म्हटलं, चालायचंच. मी अठ्ठावीस वर्षं मार्केटात कांद्याच्या गोणी वाहिल्या. गोणीच्या तोंडाशी चांगला माल लावतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण पुढे तू म्हणालास, “माझे वडील अडाणी. प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवायचे. त्या निळ्या अंगठ्याने मला घडवलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या आईने टीव्ही बंद केला आणि कारण नसताना कणीक मळायला बसली. शिवतेज, मला फार वाईट वाटलं. सगळे तोंडाशी चांगला कांदा लावतात, तू सडका लावलास, आणि तो मी होतो.

मी नववी पास आहे, हे तुला माहीत आहे. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळाला की मी गोणीवर बसून पेपर वाचायचो, जाहिरातींसकट. आमच्या हमालांच्या टोळीत सतरा माणसं, बहुतेक साताऱ्याकडची. सुट्टीच्या दिवशी ती आपल्या घरी यायची आणि मी त्यांची गावाकडची पत्रं लिहायचो. पोपटची बायको रुसून माहेरी गेली होती, ती माझ्या पत्रावर परत आली. पोपट अजून म्हणतो, अक्षर बघून आली. तू तेव्हा शेजारी बसून पाकिटांना थुंकी लावायचास. ते दिवस तुला आठवत नाहीत असं मला वाटत नाही.

आणि सहावीतलं तर तू विसरूच शकत नाहीस. गणितात अकरा मार्क पडले होते. प्रगतिपुस्तक मला न दाखवता तू माझी सही ठोकून दिलीस. माझी सही कशी असते ते तुला ठाऊक आहे. शेवटच्या ‘ळे’ची मात्रा मागे ओढत नेऊन सगळ्या नावावर छपराच्या पत्र्यासारखी घालतो. तू वहीच्या मागच्या पानांवर ती चाळीस वेळा गिरवली होतीस. बाईंनी तरी पकडलं, कारण ती माझ्यापेक्षा सुबक आली होती. त्यांनी मला शाळेत बोलावलं. मी तुला मारलं नाही. वर्गाबाहेर आल्यावर मलाच हसू फुटलं, तेव्हा तू रडत होतास. ती वही मी जपून ठेवली आहे.

आता माझी चूक सांगतो. सिनेमात तुझ्या वडिलांचं काम मी स्वतः केलं आहे. कुंदन विचारायला आला तेव्हा चाचरत होता. मी हो म्हटलं. थोडा राग होता, नाही म्हणत नाही. कलाकारांच्या पाट्यांमध्ये माझं नाव घालू नको, असं मात्र मी बजावलं होतं, तुझी अडचण नको म्हणून. माझं काम एवढंच होतं: मुलगा प्रगतिपुस्तक आणतो, बाप अंगठा लावतो. कुंदन म्हणाला, “काका, तुमी नुसता अंगठा लावा, बाकी काय करायचा नाय.” शाईचं पॅड पुढे ठेवलं. मी तीनदा प्रयत्न केला. हात पॅडकडे जायचा आणि खिशाकडे वळायचा. शेवटी मी खिशातून पेन काढलं, मार्क वाचले आणि सवयीने सही केली. मग म्हटलं, “गणितात कमी का रं पडलं?” हे लिहिलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. कुंदनने ते तसंच ठेवलं. गच्चीवर सगळ्यांत मोठा हशा त्याच जागी झाला. मी हसलो नाही.

तर आता पत्राचं कारण. कुंदनसोबत नोटीस आणखी एका माणसाला आहे. ‘वडिलांच्या भूमिकेतील इसम, नाव अज्ञात.’ मराठी तर्जुमा जोडला होता, तो मी दोनदा वाचला. त्यात लिहिलं आहे की, सदर इसमाने आमच्या अशिलांचे वडील साक्षर असल्याचे खोटे चित्र उभे केले असून त्यामुळे अशिलांची बदनामी झाली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. आज बारावा दिवस. हेच ते लेखी उत्तर. कुंदनची नोटीस मागे घे, त्याने काही खोटं दाखवलेलं नाही. माझ्यावर केस चालवायची तर खुशाल चालव, मी तारखेला येईन. त्याआधी ती अकरा मिनिटं एकदा बघ. आणि जमलं तर घरी ये, आता इथे जवळच उलव्याला विमान उतरतं, लांब पडतं म्हणायची सोय राहिली नाही. खाली सही केली आहे. ती खरी की खोटी, असं वकिलांनी विचारलं तर त्यांना तूच सांग. माझ्याखालोखाल ती तुलाच येते.

तुझाच आबा,
हौसेराव रामू साबळे