मास्तरांची पाळी

गुंद, मंगळवार, फेब्रुवारी १९१२

बायको गेल्यापासून शाळेचे मास्तर जेवत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात. इथं गावची गुरं राखायला घरोघरी पाळी असते, तशीच गंगाक्कानं त्यांच्यापाशी बसायची पाळी लावलीय. मी तिच्याकडे उतरलेला, म्हणून आज मला धाडलं.

"बोलू नको. आंबील ठेव आन् नुसता बस. जमंल न्हवं?"

जमलं कुठलं? बाहेर धनेश पक्षी ओरडला आणि मी पाखरांवर बोलायला सुरू झालो. आंबील तशीच. बोलता बोलता म्हणून गेलो, "गुरांसारखीच तुमची पाळी लावलीय, मास्तर." जीभ चावली.

पण मास्तर हसले. "मग दावं कुठाय?" म्हणत आंबील ओढली, अर्धी प्यायले.

मी निघताना त्यांनी विचारलं, "उद्या कुणाची पाळी?"

ठोकून दिलं, माझीच. उद्या तर मी अणशीला निघणार होतो.