चंदेरी पाहुण्याचा उजवा खांदा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचा दमा आटोक्यात असेल, पोरी आता माझ्याएवढ्या झाल्या असतील. तुझा उजवा खांदा कसा आहे? (नऊ वर्षं एक ओळ न लिहिणाऱ्याला एकदम खांद्याचा पुळका का आला, ते पुढे येईलच. पत्र फाड, पण वाचून फाड.)

तर झालं असं. आमच्या थिएटरात परग्रहावरच्या पाहुण्याचा तो जुना सिनेमा परत लागला. तोच, आईच्या दोन बाजूंना बसून आपण पाहिलेला. तबकडीतून पाहुणा उतरतो, बिचारा दोन शब्द बोलायला आलेला, आणि आपली माणसं काही ऐकून न घेताच बंदुका रोखतात. (तू तेव्हा रडलास असं मी जगभर सांगत आलो. मीही रडलो होतो.) गर्दी जमावी म्हणून मालकांनी टूम काढली की चंदेरी कपड्यांतला एक माणूस दारात उभा करायचा. माणूस ठरला, पण खेळाची वेळ झाली तरी त्याचा पत्ता नाही. मालक माझं डोकं खातायत, बाहेर भुरभुर पाऊस, आणि तेवढ्यात अंगभर चंदेरी रेनकोट, डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट असा एकजण पायऱ्या चढून आला.

मी काही विचारलं का? छे! विचारलं तर मी कसला! सरळ खेकसलो, "ही काय यायची वेळ झाली?" दंडाला धरून दाराशी उभा केला, उजवा हात वर करायला लावला, अवाक्षर काढायचं नाही अशी तंबी दिली आणि रीळ लावायला वर पळालो. केबिनच्या मागच्या खिडकीतून अधूनमधून डोकावत होतो. दोन तास तो हात खाली आला नाही. असा आज्ञाधारक माणूस मिळायचा नाही, याला कायमचा ठेवून घ्या, असं मी मालकांना म्हटलंसुद्धा.

खेळ सुटता सुटता ठरलेला माणूस धापा टाकत हजर! मग तो कोण होता? दारावरच्या मामांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुमचे थोरले बंधू. चहाला काच वर केली तेव्हा विचारत होते, ऑपरेटर अजून तीन चमचे साखर घेतो का. मी म्हटलं, बोलावू का त्यांना? तर म्हणाले, नको, नऊ वर्षांनी बोललाय माझ्याशी, बोलला तेवढं पुरे." आणि मोटारसायकलला किक मारून तू गेलासही.

दादा, आई गेली त्या दिवशी मी खेळ पुरा करून आलो. केबिन सांभाळायला दुसरा माणूस नव्हता हे खरं, पण मी शोधलाही नव्हता, हेही खरं. तू दारातच म्हणालास, "आता कशाला आलास?" तेवढं एक वाक्य धरून मी नऊ वर्षं फुगून बसलो. आणि तू आपणहून आलास तर माझ्या तोंडून काय निघालं बघ. फार लाज वाटते रे.

तुझा,
(अजूनही तीन चमचेवाला) धाकटा

ता. क. शेवटच्या रिळात पाहुणा परत निघून जातो. काल ते रीळ लावायला माझा हातच होईना. लोकांनी खुर्च्या बडवल्या आणि मालकांनी मला आठ दिवस घरी बसवलं. म्हणजे सध्या खेळ नाही, केबिन नाही, कसलीही सबब नाही. येऊ का?

आणखी एक. तू दार उघडेपर्यंत मीही हात वर करून उभा राहणार आहे. घरी करून पाहिलं, दहा मिनिटांत खांदा भरून आला. तू दोन तास कसा उभा राहिलास रे?