गोचीड, थोरली जाऊ आणि बंड्याचा ताबा

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
पाळीव प्राणी नोंदणी विभाग.

विषय : गोचिडीमुळे लुळ्या पडलेल्या कुत्र्यास नाटकी ठरवणाऱ्या थोरल्या जावेचे नाव नोंदणीतून कमी करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरील गोचिडीचा फलक.

महोदय,

अर्जदार ही धाकटी जाऊ आहे. दोघा भावांच्या वाटणीत घराच्या मधोमध भिंत आली; कुत्र्याच्या मधोमध ती घालता न आल्याने बंड्या एक आठवडा या दारी, एक आठवडा त्या दारी राहतो. नोंदणीत दोघींची नावे आहेत, हे अर्जदाराच्या डोळ्यांत खुपते.

२. गेल्या खेपेस जावेकडे असताना बंड्याचे मागचे पाय लटपटू लागले व भुंकणे घोगरे झाले. धाकटीकडे जायचे म्हणून तो रुसला आहे, अशी जावेने समजूत करून घेतली. अर्जदाराने विचारणा केली असता, "नाटकं आहेत त्याची. तूच लाडावून ठेवलंयस," असे उत्तर मिळाले. पुढचेही पाय गळाल्यावर जावेने त्याच्या तोंडात दूध ओतले. अशा जनावरास गिळता येत नाही, काही पाजू नये, शांत ठेवून तडक दवाखान्यात न्यावे, असे फलकावर ठळक लिहिले आहे. बंड्याला ठसका लागून श्वास कोंडला, तेव्हा कुठे अर्जदारास हाक आली.

३. दवाखान्यात कान, ओठ व बोटांच्या बेचक्या धुंडाळल्यावर गळपट्ट्याखाली टम्म फुगलेली गोचीड सापडली. हा गळपट्टा जावेने हौसेने घातला होता व ती तो कोणाला काढू देत नसे. गोचीड चिमट्याने निघाल्यावरही, तिचे विष आधीच अंगात भिनलेले असल्याने, बंड्याची तब्येत आणखी ढासळली. अर्जदार त्याच्या छातीवर हात ठेवून रडत बसली होती.

४. सबब जावेचे नाव कमी करावे. तिला फलकापुढे उभे करून तो तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. अडखळल्यास पुन्हा पहिल्यापासून. तोच गळपट्टा तिच्या गळ्यात घालण्याची तरतूद कायद्यात नसल्यास ती करावी.

५. बंड्या आता चालतो, हे लपवणे योग्य नाही. पाय टेकताच तो अर्जदाराच्या मांडीवरून उतरला, धडपडत थेट जावेच्या दाराशी गेला आणि शेपूट हलवत बसला. जावेने दार उघडले व ती त्याला कवटाळून हुंदके देत रडली. अर्जदारास सर्वांत जास्त राग याचा आला आहे. तरी प्रस्तुत तक्रारीत बंड्यासही आरोपी करावे.

कारवाईची वाट पाहणारी,
धाकटी जाऊ
दिनांक : बंड्या तिकडे गेल्याचा दुसरा दिवस

सोबत : सदर गोचीड, डबीत. जावेस दाखवून परत मिळावी.