मोठी नाव, मोठीचं नाव

तापीकाठ, तालुका चोपडा
१० एप्रिल २०२६

तीर्थरूप समाधानभाऊस,
पुनमचा नमस्कार. या वेळी उभ्यानंच.

आबांची तब्येत बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आबा मात्र अजिबात कुरकुरत नाहीत. ऊन धुळ्यासारखंच इथंही पेटलंय. धरणाच्या फुगवट्यामुळे नदीला अजून भरपूर पाणी आहे. कलिंगडं आली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवली असती, पण गेल्या महिन्यातला तुझा फोन आठवला आणि हात आखडला.

फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस म्हणून पत्र लिहितेय. पत्र तोडता येत नाही. फाडता येतं. खुशाल फाड, मी झेरॉक्स काढून ठेवलीय.

तर नावेचं सांगते. कोकणातल्या मेस्त्रीनं पाठवलेला फोटो मी तुला पुढे पाठवला आणि तू भडकलास. "सतरा फुटी ठरली होती ना? ही तेवीस फुटी कुणी सांगितली? गाव बसवणार आहेस का तिच्यात?" असं म्हणालास. मग एकामागून एक कारणं मोजलीस. त्यातली काही खरी आहेत, ते मी आधीच कबूल करते. मोठी नाव पेट्रोल जास्त पिते. मे महिन्यात पाणी उतरलं की तिला मधल्या धारेतच ठेवावं लागणार, लहान नाव गुडघाभर पाण्यातूनही निघाली असती. लहान नाव एका माणसाला पुरते आणि, तुझेच शब्द, "उद्या तुझं लग्न झालं तर विकायलाही सोपी."

हे शेवटचं मला फार आवडलं, भाऊ. नाव घ्यायच्या आधीच ती विकायला किती सोपी, हे तू बघून ठेवलंस.

दोन्ही नावा एकाच जातीच्या आहेत. फायबरच्या, सेंटर कन्सोलच्या. म्हणजे स्टिअरिंग मागे कोपऱ्यात नाही, नावेच्या बरोबर मधोमध एका उभ्या पेटीवर. चालवणारीनं उभं राहायचं, चहूकडे बघायचं, आणि पेटीच्या चारी बाजूंनी वाट मोकळी. जाळं कुठूनही टाका, कुठूनही ओढा. आबांच्या लाकडी नावेत मागे बसून वल्हं मारताना पुढचं माणूस हललं की आपली नजर गेली, तसं हिच्यात होत नाही. आठवड्यातले पाच दिवस मासळी, शनिवार-रविवार पलीकडच्या महादेवाला जाणारी माणसं, थंडीत पक्षी बघायला येणारे शहरातले लोक. आपण भोई, पाण्यावरच पोट. माझा हिशोब साधा आहे.

लहान नावेत सहा माणसं, मोठीत बारा. पण आठच्या वर माणसं बसवायची तर नावेवर दोन जाणती माणसं हवीत, असा आमच्या मच्छिमार संस्थेचा नियम. त्यावर तू बरोब्बर बोट ठेवलंस. "आबा थकले. दुसरं माणूस कोण?"

तो प्रश्न मी त्या दिवशी टाळला. "बघू" म्हणाले. आता सांगते, पण आधी मोठी नाव कशी ठरली ते ऐक, कारण त्यात माझी करामत काहीच नाही.

तुला माहीत आहे, आबा घरात अहिराणी बोलतात आणि बाहेरच्या माणसाशी बोलायचं असलं की घसा साफ करून चौथीच्या पुस्तकातली मराठी काढतात. फेब्रुवारीत मेस्त्रीचा फोन आला तेव्हा मी जाळं सोडवत होते, फोन आबांनी घेतला. मेस्त्रीनं दोन्ही मापं सांगितली आणि शेवटी विचारलं, "आबा, मग नाव?" आबा खाकरले आणि मोठ्या रुबाबात म्हणाले, "नाव मोठीचं." मेस्त्रीनं ऐकलं, "नाव मोठीच." त्यानं तेवीस फुटाचा साचा धुऊन घेतला आणि गेल्या महिन्यात मला पाठवला तो फोटो त्या साच्याचाच.

मी डोक्याला हात लावला. आबांना म्हटलं, तुम्ही तर लहान घ्या म्हणत होतात! आबा उलट माझ्यावरच चिडले. "मी त्याले नाव सांगेल व्हतं. कागदवरलं नाव. मोठीनं!"

तेच 'मोठीचं' न म्हणता घरच्या बोलीत "मोठीनं नाव" म्हणाले असते तर मेस्त्रीला काही कळलं नसतं आणि त्यानं पुन्हा विचारलं असतं. शुद्ध बोलायला गेले आणि सगळा घोळ झाला.

आता तू ताठ बसला असशील. आबा 'मोठी' कुणाला म्हणतात ते तुला सांगायला नको. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी धाकली आणि ती मोठी.

हो. किरणवहिनी इथं आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यापासून इथंच आहे. दिवाळीत फोनवर मागून हसण्याचा आवाज आला, तू विचारलंस कोण आहे, मी म्हटलं शेजारच्या तानुबाई. तानुबाई अशा हसत नाहीत, तुला कळायला हवं होतं. पण वहिनीचं हसणं तू कधी ऐकलंस म्हणा, तुला ओळखू यावं असं?

धुळ्यात तू सगळ्यांना सांगतोस की ती रुसून माहेरी पाचोऱ्याला गेली. भाऊ, तू तिला स्टँडवर पाचोऱ्याच्या गाडीत बसवलंस आणि गाडी सुटायच्या आत मोटरसायकल वळवलीस. का, तर ऑफिसच्या लोकांसमोर ती आपल्या अहिराणीत "चहा लई येऊ का" म्हणाली आणि तुझे साहेब हसले. साहेब घरी गेल्यावर तू तिला म्हणालास, चार माणसांत तोंड उघडायचं नाही. तिनं तोंड बंद ठेवलं तर म्हणालास, मुकी बायको गळ्यात पडली. आपली आईही तीच भाषा बोलायची, भाऊ. त्याच भाषेत तुला झोपवायची.

पाचोऱ्याला तिच्या भावानं थोडे दिवस ठेवलं आणि मग तिच्यासमोर एसटीचं वेळापत्रक काढून बसला. ती उठली आणि सरळ इथं आली. आबांनी विचारपूस केली नाही. म्हणाले, "हात धोय, जेवाले बस."

मला तुझा राग आला तेव्हा आला. आता त्याहून जास्त आपल्या घरात चैतन्य आलंय, ते सांगते. वहिनीला पोहता येत नव्हतं. आबांनी पाठीवर डबा बांधून तिला नदीत ढकललं, जसं तुला-मला ढकललं होतं. तू रडला होतास, ती नाही रडली. संस्थेच्या मोटरबोटीवर तिनं इतका सराव केला की आता वारा कुठून येतोय हे ती माझ्याआधी सांगते. महादेवाला जाणाऱ्या बायकांशी ती आपल्या बोलीत अशा गप्पा मारते की बायका "तुमची ती दुसरी ताई कुठाय" म्हणून विचारतात. मी एवढी वर्षं नाव हाकतेय, मला कुणी विचारत नाही. मला थोडं लागलंही.

तर चूक कळल्यावर मेस्त्री भला माणूस, म्हणाला, अजून फायबर ओतलेलं नाही, आज सांगा, लहान करून देतो. मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "मले काय इचारता? जिनी नाव शे, तिले इचारा."

वहिनीनं काठी उचलली. ती आम्हाला वाळूत घेऊन गेली. काठीनं तिनं दोन्ही नावा आखल्या, फूटपट्टीनं मोजून. दोन्हींच्या मधोमध पेटी म्हणून एकेक पाटी पालथी घातली. आधी आम्ही दोघी लहान नावेत उभ्या राहिलो. मी स्टिअरिंगला, ती जाळ्याला. ती पुढून मागे जायला निघाली की मला सरकावं लागायचं. मी वळले की ती खाली बसायची. चार वेळा करून बघितलं. मग मोठीत गेलो. ती माझ्या बाजूनं गेली, पलीकडून आली, पुन्हा गेली. माझा पदर तिला लागला नाही, तिचा धक्का मला लागला नाही.

मी तुझी सगळी कारणं तिला सांगितली, इमानदारीनं. पेट्रोल, उतरतं पाणी, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग लहान नावेच्या रेघा पायानं पुसत म्हणाली, "लहान नावमा एक उठनी का दुसरीले बसनं पडस. तसं मी धुयाले भलतं करी उनू."

धुळ्याला तसं बसणं तिचं पुष्कळ करून झालंय, भाऊ. आबांनी तोंड नदीकडे फिरवलं. मी मेस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं, बरोबर ऐकलंत तुम्ही. मोठीच. आणि नावही मोठीचं.

म्हणून नाव मोठी आहे, भाऊ, आणि कागदावर मालकीण किरण समाधान अशी लिहिली आहे. तुझं नाव मध्ये आलंय, तेवढ्यावर समाधान मान. मी तिला म्हटलं होतं, वडिलांचं नाव लाव. ती म्हणाली, असू दे, लोकांना कळू दे कुणाची बायको नाव हाकते ते.

तू म्हणाला होतास की घरात मुलगा एकच, नाव तुझ्या नावावर व्हायला हवी, आणि मोठी घेतली तर माझा-तुझा संबंध संपला. संबंध संपवायचा तर संपव. मी धाकली आहे, तुझ्या पाया पडत आलेय, पुढेही पडेन, पण या बाबतीत एक इंच मागे सरणार नाही. लोक नावं ठेवतील, असंही तू म्हणालास. ठेवू देत. ते काठावर उभे राहून ठेवतील आणि आम्ही पाण्यात असू.

येत्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, नाव पाण्यात उतरवणार आहोत. आखाजीला लेकी माहेरी येतात, वहिनीला पाचोऱ्याहून बोलावणं आलेलं नाही. आबांनी तिला इथंच नवं लुगडं आणलंय आणि अंगणातल्या लिंबाला झोका बांधलाय. नावेची ओटी घरची सून भरते, तशी ती भरेल. नारळही तीच फोडेल. तो मान घरच्या मुलाचा, असं तू म्हणशील. घरचा मुलगा इतके दिवस घरी आला नाही.

तू आलास तर तुला कुणी हाकलणार नाही. आबा जेवायला बस म्हणतील, मी पुरणपोळी वाढीन. पण नावेत पाऊल ठेवायचं असेल तर आधी वहिनीपुढे उभा राहा आणि विचार. चारचौघांत विचार, मोठ्यानं, आणि तिच्या बोलीत. ती 'ये' म्हणाली तर चढ. नाही म्हणाली तर नाही.

लोभ असावा असं दर पत्रात लिहायची पद्धत आहे. तो तुझा तू बघ. मी एवढंच लिहिते, आणि या वेळी रीत म्हणून लिहीत नाही:

कळावे.

पुनम