पोरीच्या बदाम-लोण्याची बरणी

अहो,

दादा गाडी घेऊन आला, तुमचा फोन लागेना. मी दवाखान्यात दाखल व्हायला निघाले.

पोरीचं बदामाचं लोणी फ्रिजमध्ये आहे. बदाम भाजून, पार गार करूनच वाटलेत. चमचा कोरडा घाला, ओल्याने बुरशी धरते. वर तेल आलं तर ओतून टाकू नका, ढवळा. बरणी ओट्यावर विसरलात तर खवट होईल, आणि त्या तापापासून तुम्हाला तर वासच येत नाही. म्हणून आधी तिच्या नाकाशी धरा. तिने तोंड वाकडं केलं की सगळं फेकून द्या. 'काही होत नाही गं, खा' म्हणू नका.

छातीतली गाठ दाखवली तेव्हा मलाही तुम्ही 'काही होत नाही गं' म्हणाला होतात. मी ऐकलं.